गव्हाला ताण

नत्थूजींच्या संत्राबागेला ताण देऊन तेवीस दिवस झाले होते. ताण देणं म्हणजे झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवणं. डिसेंबरात पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन गळायला लागली तरी द्यायचं नाही, आणि सव्वा महिन्यानं एकदम पाजायचं. मग झाड फुलून येतं. मध्येच कोणी पाणी दिलं तर ते निवांत होतं, नुसती पालवी फोडतं आणि त्या बहाराला फळाचं नाव घेत नाही. सौंसरकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. माना टाकलेली बाग पाहून इकडे कोणाला दया येत नाही.

रामाजींना आली.

रामाजी सत्त्याहत्तर वर्षांचे. ही बाग त्यांच्याच हातची. नत्थूजींच्या वडिलांकडे ते सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, होते, तेव्हा मोहगावच्या रोपवाटिकेतून बैलगाडीनं कलमं आणून तीनशे खड्ड्यांत त्यांनी ती लावली होती. पुढे पोटाला चिमटा घेत बागेला लागूनच दीड एकर घेतलं. तिथं विहीर लागली नाही. तेव्हा मोठ्या मालकांनी सांगितलं, बागेच्या विहिरीवरून आठवड्यात दोन दिवस पाणी घेत जा. कागद झाला नाही. मालक गेले, तरी त्या शब्दावर नत्थूजी पाणी देत होते आणि रामाजींचा मुलगा गुणवंता गहू पिकवत होता. घरचं वर्षाचं खाणं त्या दीड एकरावर होतं.

गुरुवार गुणवंताच्या पाळीचा. सकाळी नऊला विजेची लाइन आली. नत्थूजींचा सालदार अंकुश यानं मोटर सुरू केली, बागेच्या कोपऱ्यावरचा पाइपचा गव्हाकडचा वाल पान्यानं उघडला, पाना कडुनिंबाच्या खिळ्याला टांगला आणि वैरण आणायला निघून गेला. तिथं दोनच वाल होते, एक बागेचा, एक गव्हाचा. बागेच्या वालाला अजून पंधरा दिवस कोणी हात लावायचा नव्हता.

त्याच दिवशी रामाजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. सौंसरला गेल्याशिवाय त्या मिळत नव्हत्या.

"बाबा, मी बारापर्यंत येतो," गुणवंता म्हणाला. "दांड फुटला त माती टाका. बाकी कशाले हात लावू नका."

"मले शिकवून राहिला का बे तू?" रामाजी म्हणाले.

गुणवंता हसला आणि गेला. हसायला नको होतं. गेल्या दिवाळीपासून म्हातारा दोनदा जेवत होता, सुनेला मेलेल्या बायकोच्या नावानं हाक मारत होता आणि एकदा तर बोरगावच्या रस्त्यावर उभा राहून आपलंच घर विचारत होता. घरात त्याची थट्टा व्हायची. थट्टेत घेतलं की दुखणं लहान वाटतं, म्हणून व्हायची.

बस उशिरा मिळाली. गुणवंता परतला तेव्हा साडेबारा झाले होते. गव्हाचा निम्मा तुकडा कोरडा होता आणि दांडात पाण्याचा थेंब नव्हता. बागेच्या कडेला रामाजी गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलात उभे होते. खांद्यावर फावडं, तोंडावर असा आनंद की गुणवंतानं तो कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"पाजलं सारं," ते म्हणाले. "जीव गेल्ता लेकराईचा. हा मालक झाडाकडे पाहतच नाही."

आठ ओळी भरल्या होत्या. ओळीत बारा झाडं. प्रत्येक आळ्यात पाणी डबडबलेलं, काठोकाठ, एकही आळं फुटलेलं नाही. जुन्या हाताचं काम होतं.

गुणवंता धावत कोपऱ्यावर गेला. बागेचा वाल बंद केला, गव्हाचा उघडला. हे घाईनं केलं, लपवायचं म्हणून केलं नाही. पण पाना खिळ्याला लावण्याआधी त्यानं त्यावरचा चिखल सदऱ्याला पुसला. पुसताना आपण काय करतोय हे त्याला कळलं आणि तरीही त्यानं नीट पुसला.

संध्याकाळी जाऊन सांगू, असं त्यानं ठरवलं. पण नत्थूजी चारलाच बागेत आले. भरलेल्या आळ्यांतलं पाणी अजून पुरतं मुरलं नव्हतं. मग जे झालं ते सगळ्या शिवारानं ऐकलं. अंकुश शपथा घेत होता, मालक मी गव्हाचाच खोलला जी, आणि नत्थूजी एकच वाक्य म्हणत होते, "मंग वाल काय भुतानं खोलला?" दिवस मावळायच्या आत अंकुशला निघायला सांगितलं होतं. सालदारी गुढीपाडव्याला धरतात. जानेवारीत सुटलेल्या सालदाराला कोणी ठेवत नाही, आणि ताण तोडणाऱ्याला तर पाडव्यालाही नाही.

गुणवंता बांधाच्या या बाजूला उभा होता. पाय उचलला गेला नाही.

गुणवंताची मुलगी प्रणाली राज्यसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. त्यात एक पेपर नीतीचा असतो. अडचणीत सापडलेल्या माणसाची गोष्ट देतात आणि विचारतात, तुम्ही काय कराल? राज्याचा कारभार हिंदीत, म्हणून उत्तर हिंदीत लिहायचं असलं तरी प्रणाली चुलीपुढे बसून प्रश्न मराठीत सांगायची. टीव्हीपेक्षा या प्रश्नांत घर जास्त रमायचं. पूर आलाय, नाव एक आहे, माणसं तीस आहेत आणि तुम्ही तहसीलदार आहात, असा प्रश्न एकदा आला होता. तिची आई यमुना भाकरी थापता थापता म्हणाली होती, "आधी नाव चालवणाऱ्याले पोहता येते का थे विचार." प्रणालीच्या पुस्तकात हे नव्हतं.

त्या संध्याकाळी प्रश्न गुणवंतानं काढला.

"एक माणूस हाय," तो म्हणाला. "त्याच्या घरच्या बुढ्या माणसाच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं. बुढ्याले समजत नाही, याद राहत नाही. आळ आला तिसऱ्यावर. त्याचं काम सुटलं. मंग यानं काय करावं?"

"हे त सोपं हाय, पप्पा." प्रणालीनं वहीवर रेघ मारली. "आधी कोणाकोणाशी संबंध येते थे लिहायचं. मंग रस्ते. चूप राहणं हा एक, पण थो चुकीचा. जाऊन खरं सांगायचं, तिसऱ्याले काम वापस. संपलं. वीस मार्काचा प्रश्न, पंधरा पक्के."

"त्या माणसाचा गहू नुकसानवाल्याच्या पाण्यावर हाय, हे लिहिलं का?" यमुना म्हणाली.

ती तव्याकडेच पाहत होती. दुपारी तिनं सासऱ्याचा पायजमा धुतला होता. तीन पाणी काढल्यावरही त्याची काळी माती सुटली नव्हती.

प्रणालीची पेन्सिल थांबली. ती आधी आईकडे, मग बापाकडे आणि शेवटी खाटेकडे पाहू लागली. खाटेवर रामाजी दुधात भाकरी कुस्करत बसले होते.

"आबाजी?" ती हळूच म्हणाली.

"मीठ दे वं थोडं," रामाजी म्हणाले.

शुक्रवार, शनिवार घरात तेच चाललं. यमुनाचं म्हणणं सरळ होतं. गहू फुलोऱ्यात यायचाय, त्याला अजून दोन पाणी पाहिजेत. नत्थूजीनं वाल बंद केला तर वर्षभर चक्कीवर काय न्यायचं? आणि दुसरं, तिच्या लेखी मोठं, म्हणजे मामाजी, तिचे सासरे. सबंध गाव त्यांना रामाजीबुवा म्हणतं, विहारात पंचशील तेच म्हणवतात, कोणाच्या बागेत झाड वाळलं तर अजून विचारायला येतात. उद्या पोरं मागे लागतील, येडा म्हणतील.

"आन् अंकुशले काय म्हणून राहिले लोक आज?" प्रणालीनं विचारलं.

"अंकुश जवान हाय. थो धुऊन काढन."

"म्हणजे जवान माणसावर आळ आला त चालते?"

"मी असं म्हटलं का?" यमुना चिडली. "पुस्तकातला माणूस उत्तर देल्यावर घरी जाते वं बाई. मले इथंच राहाचं हाय."

गुणवंतानं तोडगा काढला. बाबांचं नाव घ्यायचंच नाही. वाल माझ्या हातून उघडला, असं सांगायचं. अंकुश सुटतो, बाबांची इज्जत राहते.

"हे खोटं हाय," प्रणाली म्हणाली.

"अर्धं खरं हाय. मी ठेवलं ना त्याईले तठी एकटं? माहीत असून ठेवलं."

"मंग थेच सांगा ना. जेवढं खरं तेवढंच. आबाजीच शिकवते ना विहारात, खोटं बोलणार नाही म्हणून? मोठ्याले वाचवाले बोललेलं चालते, असं त्यात कुठी हाय का?"

गुणवंताला पोरीचं खोडता येत नव्हतं आणि पटवूनही घेता येत नव्हतं. रागही आला. स्वतःची भाकर पणाला नसली की माणूस फार सरळ बोलतो, असं त्याच्या मनात आलं. मग आठवलं की ती पण त्याच गव्हाची भाकर खाते.

रविवारी तो जळणाला कपाशीच्या पऱ्हाट्या आणायला निघाला, तेव्हा वाटेत अंकुश भेटला. समाजमंदिराच्या ओट्यावर बिऱ्हाड मांडलं होतं. दोन पोती, एक पेटी, पत्र्याची शेगडी. त्याची बायको सुचिता परक्याच्या अंगणातून पाणी आणत होती आणि कोणी काही विचारू नये म्हणून पदर डोळ्यांपर्यंत ओढून चालत होती.

"बसा ना, गुणवंताकाका," अंकुशनं पोतं सरकवलं. चार दिवसांत त्याचा चेहरा उतरला होता. "एक गोष्ट विचारू का? तुमी बारा-साडेबाराले आले ना त्या दिवशी? तवा पाणी तुमच्याच गव्हात होतं ना जी?"

गुणवंता पोत्यावर टेकला. "हो," तो म्हणाला. आपण वाल फिरवल्यानंतर होतं, म्हणजे खोटं नव्हे, असा हिशेब त्याच्या मनानं त्या क्षणातही केला. त्याची त्यालाच शिसारी आली.

"मंग मीच गलती केली असन," अंकुश म्हणाला. "आधी पक्कं याद होतं का मी गव्हाचाच खोलला. आता रोज थोच वाल डोळ्यापुढं येते, आन् दर खेपेले माहा हात बागेच्या वालावर दिसते. सुचिता म्हणते, इसरले असान. असनच. डोकं कामातून गेलं, काका. बत्तीस वर्षाचा हाय मी."

पोरगा स्वतःवरचा भरवसा घालवून बसला होता. घरात म्हातारा केलेलं विसरला होता आणि इथं हा न केलेलं आठवत होता. पऱ्हाट्या तशाच राहिल्या. गुणवंता तिथूनच नत्थूजींच्या घराकडे वळला.

नत्थूजी अंगणात पिवळ्या पडलेल्या पानांची एक फांदी हातात घेऊन बसले होते. बासष्ट वर्षांचे, हाडापेरानं मोठे. त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीकडे बोट केलं. गुणवंता उभाच राहिला.

"मालक, बागेचा वाल अंकुशनं नाही खोलला."

"मंग?"

"मी खोलला. गलतीनं. दोन वाल, ध्यान राहिलं नाही."

नत्थूजींनी फांदी खाली ठेवली.

"गुरुवारी साडेअकराले मी सौंसरले होतो, गुणवंता. तू औषधाच्या दुकानाच्या लाइनमंदी उभा. म्या हात केला तुले. तुवा पाह्यलं नाही."

स्वयंपाकघराच्या दारात नत्थूजींची सून भांडं हातात घेऊन थांबली होती. तिनंही ऐकलं. पन्नाशीचा माणूस शाळेतल्या पोरासारखा पकडला गेला होता, आणि तोही आयुष्यात एकदा धीर करून बोललेल्या खोट्यावर.

"कोणाले झाकून राहिला तू?" नत्थूजींनी विचारलं. आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. "रामाजी?"

गुणवंतानं मान हलवली. मग सगळं सांगितलं. गोळ्या, बस, चिखल, आणि पुसलेला पाना. पाना सांगायची गरज नव्हती. पण आता थांबवत नव्हतं.

"आठी ओळी नीट भरल्या होत्या," नत्थूजी म्हणाले. "मी तवाच म्हटलं, अंकुशच्या हातानं असं पाणी बसत नाही. पण डोकं फिरलं होतं." त्यांनी फांदी पुन्हा हातात घेतली. "मले खांद्यावर घेऊन फिरे रामाजी. पहिलं कलम लावलं तवा मी बाजूले उभा होतो. त्यानं पाणी देलं, त्याले मी काय म्हणू? त्याचा हक होता म्हण ना."

गुणवंताला हायसं वाटलं. ते लवकर वाटलं.

"अंकुशले मी आत्ता आणतो. सगळ्याईपुढं आणतो," नत्थूजी उठले. "पण तुह्यं पाणी आजपासून बंद."

"मालक, गहू..."

"गुरुवारी संध्याकाळी सांगतलं असतं त रामाजीची गोष्ट होती. दोघंई हसलो असतो का रडलो असतो. चार दिवस तू पाहत राहिला. एका माणसाचं बिऱ्हाड ओट्यावर गेलं, थे पाहत राहिला. आन् आला थोबी खोटं घेऊन आला. माह्या बापानं शब्द रामाजीले देल्ला होता, गुणवंता. तुले नाही."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर गुणवंताला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. तो तसाच घरी आला.

"सांगतलं?" यमुनानं विचारलं.

"सांगतलं."

"खोटं बोलले ना पप्पा?" प्रणालीनं विचारलं.

"एकच बोललो. थेच पकडलं." तो पायरीवर बसला आणि हसायला गेला, पण हसू आलं नाही. "पाणी गेलं."

यमुनानं आत जाऊन गव्हाच्या कोठीत हात घातला आणि बाकीचा गहू कुठवर आहे ते चाचपून आली. प्रणालीनं त्या दिवशी वही उघडली नाही.

अंकुश परत कामावर लागला. पहिल्याच गुरुवारी तो बांधावर आला, हातात पाना. वालाकडे आणि गव्हाकडे पाहत उभा राहिला.

"काका, मालक आज पांढुर्ण्याले गेले," तो खालच्या आवाजात म्हणाला. "एक तासभर..." पुढचं त्याला बोलवेना.

एक तासानं अर्धा गहू भिजला असता. गुणवंताच्या पायाखालची जमीन भेगाळली होती, भेगेतून बोट आत जात होतं.

"खोलू नको," तो म्हणाला. "तुह्या हातानं तं बिलकुल नाही."

अंकुशनं पाना खिळ्याला टांगला आणि डोळे पुसत गेला.

फेब्रुवारी लागला. ताण संपून बागेला पाणी दिल्याला पंधरवडा झाला आणि झाडं पांढरीशुभ्र झाली. मोहगावच्या रस्त्यानं जाणारी मोटारसायकलसुद्धा वासानं हळू व्हायची. कडेच्या आठ ओळी मात्र नुसत्या हिरव्यागार होत्या. कोवळी, तेलकट, नवी पालवी. फूल औषधाला नाही. रामाजी रोज त्या ओळींपाशी जाऊन उभे राहायचे, पानांवरून हात फिरवायचे. साऱ्या बागेत त्यांना तीच झाडं चांगली वाटत. नत्थूजी आले की दोघं बोलायचे. "हे शहाण्णव झाडं पाह्य कशी टरारली," म्हातारा दाखवायचा, आणि नत्थूजी म्हणायचे, "हो ना, रामाजी."

बांधाच्या अलीकडे गहू होता. ओंब्या निघाल्या होत्या, पण करंगळीएवढ्या. टोकं आधीच पिवळी पडलेली. दाणा भरायच्या वेळी पाणी नाही मिळालं की गहू घाईनं पिकतो, म्हातारपण लवकर आल्यासारखा. गुणवंता, यमुना आणि प्रणाली त्यातलं तण उपटत होते. पाणी नसलेल्या रानातली उरलीसुरली ओल तणानं तरी खाऊ नये एवढ्यासाठी. पलीकडे मोटर चालू होती आणि बागेच्या दांडातून पाणी खळखळत होतं.

रामाजी बांधावरून उतरून आले. एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. हातावर राहिले ते दाणे जिऱ्याएवढे होते.

"गव्हाले पाणी काहून नाही देऊन राहिला?" त्यांनी विचारलं.

गुणवंता वाकलेलाच होता. "ताण देला, बाबा," तो म्हणाला. तोंडात जे आलं ते बोलला.

रामाजी मोठ्यानं हसले. "येड्या! गव्हाले कोणी ताण देते का?"

मग हसणं हळूहळू थांबलं. ते तळहाताकडे पाहू लागले. मग आठ ओळींकडे. मग कोपऱ्यावरच्या दोन वालांकडे, कडुनिंबाच्या खिळ्याकडे. कपाळावर आठ्या आल्या. काहीतरी लांबून येत होतं आणि ते येऊ नये असं गुणवंताला जिवाच्या आकांतानं वाटलं.

"गुणवंता," म्हातारा म्हणाला, "माह्या हातून झालं का काई?"

गुणवंतानं तोंड उघडलं. खरं सांगायची किंमत त्यानं दिली होती आणि खोट्याचीही दिली होती. आता दोन्हीपैकी एकही शब्द बाहेर येईना. यमुनाचे हात तणात थांबले होते.

"नाही आबाजी," प्रणाली म्हणाली. ती उठून उभी राहिली, ओढणीनं हात पुसले आणि आजोबांच्या डोळ्यांत बघत बोलली. "तुमच्या हातून काईच नाही झालं. औंदा विहिरीले पाणी कमी हाय."

रामाजींनी मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं. बागेत पाणी खळखळत होतं. ते नातीकडे बघत राहिले, पुष्कळ वेळ.

"असन," ते म्हणाले.

मग ते खाली बसले आणि तिच्या बाजूला तण उपटू लागले.